उंबराचा दोरा

कोल्हापूर, ५ फेब्रुवारी २०२४

निशा हिस,
सलाम. अ. उ. आ. लिहायला हात उठला नाही. तुझा फोन ब्लॉक केलाय आणि तो तसाच राहील, म्हणून हे पत्र.

काल कोडोलीला बाबांचं घर आवरायला गेलतो. परसातल्या उंबराला कमरेएवढ्या उंचीवर पांढऱ्या सुताचे सात-आठ वेढे होते. सूत तुमच्या कबनूरच्या मागाचं आहे, ते आंधळ्यालाही कळेल. बाबांची माती होऊन महिना झाला नाही तोवर परसात शिरून उंबर पुजलास. जोतीरामशी लग्न केलंस, त्याच्याबरोबर दत्ताला जातेस, जा. पण ज्या माणसानं चाळीस वर्षं प्रभूचा शब्द सांगितला त्याच्या दारात नवसाचा दोरा? लाज कशी वाटली नाही?

प्रभू झाडावर खिळला गेला म्हणून आपण झाडाच्या पाया पडत नाही. करवतवाल्याला सांगितलंय. लाकूड चर्चच्या प्रीतिभोजनाच्या चुलीला जाईल.

उत्तर नको. लोभ असावा असं लिहायची पद्धत आहे, मी ती पाळत नाही.
अतुल


कबनूर, ९ फेब्रुवारी २०२४

ती. दादास,
सा. न. वि. वि. तू आशीर्वाद गिळलास तरी मी नमस्कार सोडत नाही.

सूत माझ्या घरचंच. पण बांधलं बाबांनी. गेल्या जूनमध्ये आठ वर्षांनी त्यांचा फोन आला, शेजारच्या आक्कांच्या मोबाइलवरून. काचबिंदूनं दिसायचं बंद झालं म्हणाले. तुला सांगणार नाही असं वचन घेतलं, नाहीतर अतुल मला फ्लॅटात नेऊन कोंडेल म्हणाले. मग म्हणाले, पक्क्या सुताचा एक मोठा गुंडा पाठव. जोतीरामनंच नेऊन दिला. मागच्या दारापासून उंबरापर्यंत त्यांनी सूत बांधलं. ते धरून जायचं, प्रार्थना करायची, धरून परत यायचं. कुणाच्या म्हशीनं तोडलं की पुन्हा नवा वेढा.

तू नाताळला आलास, केक ठेवलास, अर्ध्या तासात निघालास. बाप आंधळा झालाय हे तुला दिसलं नाही आणि मला धर्म शिकवतोस? नाकानं कांदे सोलू नकोस.

उंबरच का, तेही विसरलास. प्रभूला बघायला उंबरावर चढलेल्या बायबलातल्या जकातदाराचा आपला खेळ. मी वर चढायची, तू गर्दी व्हायचास, आणि बाबा खाली उभे राहून म्हणायचे, निशे, उतर, आज तुझ्या घरी चहाला येणार. गावानं पापी ठरवलेल्या माणसाला प्रभूनं खाली बोलावलं आणि त्याच्याच घरी उतरला, हे त्यांनी जन्मभर सांगितलं. माझ्या लग्नानंतर मात्र मला हाक मारली नाही. त्यासाठीच ते फोनवर रडले. रोज उंबराखाली उभं राहून तुला हाक मारतो म्हणाले. शेवटच्या फोनवर, ईस्टरला ये, तोवर अतुलला समजावतो म्हणाले. त्याआधीच गेले, आणि मातीच्या दिवशी तू मला फाटकातून परत पाठवलंस.

खोटं वाटत असेल तर मागच्या दाराची कडी बघ. तिथं सुताची दुसरी गाठ असेल. मला घर नको, परसही नको. तेवढं झाड राहू दे. माझ्याकडं बाबांचं दुसरं काही नाही.

तू पद्धत मोडलीस, मी पाळते. लोभ असू दे.
तुझी धाकटी,
निशा


कोडोली, १३ फेब्रुवारी २०२४

चि. निशास,
अ. उ. आ.

पत्र काल मिळालं. झाड शनिवारीच पडलं. करवत लागली तेव्हा आक्का कुंपणापाशी येऊन ओरडत होत्या, आरं तोडू नगंस, म्हाताऱ्याची वाट हाय ती. मला वाटलं दत्ताचं झाड म्हणून ओरडतायत. तुमचं तुम्ही बघा म्हणालो.

आज येऊन कडी बघितली. गाठ आहे. खाली वीतभर सूत लोंबतंय. बाकीचं तुटून गवतात पडलेलं, ते मीच उंबराच्या वेढ्यांबरोबर जाळलं होतं. दारातून डोळे मिटून चालत गेलो. सतराव्या पावलाला बुंध्याला ठेचकाळलो.

राग गेला नाही. बाप आंधळा झाल्याचं मला कळू दिलं नाहीस, वचन असो नाहीतर काही असो. जोतीरामशीही मला बोलता येणार नाही. आणि माफी मागायला तोंड उरलेलं नाही, म्हणून ती या पत्रात शोधू नकोस.

तुला खाली बोलवायला आता झाड नाही. ईस्टरला दारानंच ये. जोतीरामला आण. फाटक उघडं असेल, चहा मी टाकीन.

लोभ ठेवशील का?
दादा