नेव्हकाकाचे गाल

टाउन्सव्हिल, रविवार

प्रिय डॅड,

"तीन वर्षं नर्सिंग शिकलीस ती बायकांचे ओठ फुगवायला?" असं तू म्हणालास, ते मला लागलं होतं. आपल्या घरातली पहिली पदवी माझी.

मार्चमध्ये तुझा दोस्त नेव्हकाका माझ्या कॉस्मेटिक क्लिनिकमध्ये आला. कर्करोग बरा झाला होता, पण गाल खोल गेलेलेच. "पबमध्ये सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात गं. मी काय मेलोय?" मी सुईने त्याच्या गालांत फिलर, म्हणजे खोलगट भाग भरून काढणारं जेल, भरलं. जाताना म्हणाला, "बापाला सांगू नकोस, जन्मभर चिडवेल."

काल तू मासे पकडून आलास. "नेव्ह टुणटुणीत झालाय! आज त्याला मनसोक्त शिव्या घातल्या. समुद्राची हवा, दुसरं काय!"

पेशंटचं गुपित, म्हणून हे पत्र खणातच राहील. पण डॅड, ती समुद्राची हवा भरायलाच मी तीन वर्षं शिकले.

तुझी,
टीगन