चष्म्याच्या दुकानाचा पहिला बदाम

चि. पिटुकलीस,

मामाचे अनेक आशीर्वाद. तुझी कंबर कशी आहे? (दिवसभर ऑफिसच्या खुर्चीत बसून दुखते म्हणे. माझीही दुखते, पण माझी खुर्ची निदान मोडकी आहे.) ताईला नमस्कार सांग. तुझी मामी जाऊन परवा आठ महिने झाले. मी बरा आहे, म्हणजे जेवतो. (हे फोनवर सांगितलं असतं, पण तू मधेच 'मामा, रडताय का?' असं विचारतेस.)

रविवारी तू मामीचं खातं बंद करायला येणार आहेस. कोणा चोराने ते बळकावलंय आणि दुकानाच्या पेजवरच्या प्रत्येक पोस्टवर तिच्या नावाने लाल बदाम टाकतोय, असं तू कळवलंस. तोवर तू शिकवलेल्या प्रचाराचा अहवाल देतो. 'मामा, पैसा नको, सातत्य हवं,' असं तू म्हणाली होतीस. पैसा नव्हताच, त्यामुळे निम्मं काम आधीच झालेलं होतं.

'समाधानी ग्राहकांचे फोटो टाका' ही तुझी पहिली आज्ञा. आता चष्मे दुरुस्त करणाऱ्यासमोर गिऱ्हाईक बसतं तेव्हा त्याचा चष्मा माझ्या हातात असतो. दांडी बसली की ते चष्मा चढवून चालू लागतं, म्हणून मी फोटो आधीच काढून घेतले. अकरा माणसं, आणि अकराही जण डोळे बारीक करून, कपाळाला आठ्या घालून मी कुठे आहे ते शोधतायत. पेज उघडलं की वाटतं, सगळे माझ्यावर फिर्याद करायला आलेत. शिंपीणबाईंनी तर स्वतःच्याच फोटोखाली 'ही कोण खाष्ट बाई?' असं लिहिलं (बहुधा चष्म्याशिवाय). मग तू म्हणालीस, कामाचा व्हिडिओ टाका. टाकला. स्क्रू मोहरीएवढा, माझा अंगठा बटाट्याएवढा. चार मिनिटं लोकांनी अंगठाच पाहिला; स्क्रू कॅमेऱ्यालाच दिसला नव्हता. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तरी तीन नवी गिऱ्हाइकं आली, तिघंही फोटो बघून हसत हसत.

मामी फोटो काढायची तेव्हा असं व्हायचं नाही. 'हात जरा बाजूला घ्या हो,' म्हणायची, आणि पोस्ट गेली की पहिला बदाम स्वतःच टाकायची. दुकानाची भवानी आपल्याच हाताने व्हावी, असा तिचा हट्ट होता. आता हात बाजूला घ्या म्हणणारं कोणी नाही. फार एकटं वाटतं गं.

असो. जिना सावकाश चढ, तिसरी पायरी अजून हलते.

तुझा,
मामा

ता.क. १ : चोराचा तपास लागला. तो दुकानातच बसतो. तिचा फोन मी स्क्रूच्या डबीशेजारी चार्जिंगला लावून ठेवतो. पोस्ट टाकली की त्यावरून पहिला बदाम मीच दाबतो, आणि मग माझ्या फोनवर तिचं नाव उमटतं ते बघत बसतो. रागावू नकोस.

ता.क. २ : रविवारी ये, पण खातं बंद करू नकोस. तिचा फोन हल्ली मधेच बंद पडतो. चांगला दुरुस्त करणारा तुझ्या माहितीत असेल तर त्याला घेऊन ये. मला फक्त चष्मे येतात.