नागोठण्याच्या थांब्यावर दोन पेले कोकम

५ जानेवारी, रविवार
पहाटे ५.४० ला नेरूळहून सायकलने निघालो. द्रोणागिरी गाठून परत, ९.०५. अंतर ५३.२ किमी. रस्ता रोजच्या नोकरीचाच. ज्या गोदामाच्या फाटकातून आठवड्याचे सहा दिवस कंपनीच्या बसने आत शिरतो, त्या फाटकाला हात लावून परतलो. रखवालदार : "साहेब, सुट्टीला पन?"

परतताना खाडीपुलावर पाच मिनिटे. ओहोटी. चिखलात रोहित पक्षी एका पायावर उभे. मोजू लागलो आणि एकशे चाळीसच्या आसपास सोडून दिले. याआधी मी मोजणी अर्धवट सोडल्याचे स्मरत नाही.

घरी बायकोने, वंदनाने, चहा पुढे ठेवला. सायकलीबद्दल एक शब्दही नाही. गेल्या फेब्रुवारीपासून हेच.

१२ जानेवारी, रविवार
सायकल-फेरीची नोंदणी केली. २ फेब्रुवारी, बेलापूर ते कोलाडच्या पुढे आणि परत, दोनशे किमी, मुदत साडेतेरा तास.

गेल्या वर्षीची हीच फेरी अपुरी राहिली. परतीला नागोठण्याजवळ उन्हाने भोवळ आली, एसटीच्या थांब्यातील बाकावर आडवा झालो आणि घरी फोन केला. वंदना भाड्याची गाडी करून आली. घरी पोचल्यावर एकच वाक्य : "अहो, मी आले तेव्हा तुम्ही हलत नव्हतात."

आज तिला शब्द दिला. फेरी नियमाप्रमाणे पूर्ण झाली तर सायकल राहील. न झाल्यास महिनाअखेर विकीन. 'नियमाप्रमाणे' हा शब्द माझा, तिने मागितला नव्हता. ती म्हणाली, "आधी तुम्ही पूर्ण घरी या. फेरीचं मग बघू."

२१ जानेवारी, मंगळवार
एका कंटेनरच्या सीलवरील शेवटचा आकडा कागदाशी जुळेना. कागदावर ८, सीलवर ३. परत पाठवला. चालक हात जोडून : "साहेब, एका आकड्याने आतला माल बदलतो का?"
माल बदलत नाही, हे मलाही कळते. पण सील तपासायला मला ठेवले आहे, माल नव्हे.
पायांत गोळे. रात्री मिठाच्या पाण्यात.

२६ जानेवारी, रविवार
झेंडावंदनानंतर म्हात्रे काकांसोबत कर्नाळ्यापर्यंत. काका उरणकडचे, वय अडुसष्ट, उमेदीची वर्षे मिठागरात गेली. सायकल लोखंडी, माझ्या सायकलीच्या दीडपट वजनाची. अशा सहा फेऱ्या त्यांनी पूर्ण केल्या आहेत. खिशात तांदळाची भाकरी आणि सुकट. मी दर वीस मिनिटांनी नाडी पाहतो, यावर ते पोट धरून हसले. "साहेब, ती हाय का गेली, बघता काय? गेली तर कललंच नं!"

१ फेब्रुवारी, शनिवार
चाकांतील हवा : पुढे ८०, मागे ८५. दोन ट्यूब, पंप, दिवे, परावर्तक पट्टा, ओळखपत्र.

वेळापत्रक छापून फ्रिजवर चिकटवले : वडखळ ८.४५, परतीचे वळण ११.३०, नागोठणे १३.१०, पेण १५.००, बेलापूर १८.१५. वंदनाने चष्मा लावून ते वाचले. नियमांचे पुस्तक चार पानांचे, इंग्रजीत आणि कंटाळवाणे आहे; ते तिला दाखवले नाही. वेळा कळल्या की पुरे.

२ फेब्रुवारी, रविवार
१८.५२ ला पोचलो. २०१.७ किमी.
अक्षर वळत नाही. उद्या.

३ फेब्रुवारी, सोमवार
रजा. जिना उतरताना कठडा धरावा लागतो. तरीही सर्व क्रमाने लिहितो.

६.०० ला बेलापूरहून सुटलो. अंधार. एकेचाळीस सायकली, प्रत्येकीमागे एक लाल दिवा. पनवेल ओलांडेपर्यंत ती लाल ओळ समोर ताणत गेली, मग विरळ झाली, मग फक्त म्हात्रे काकांचा दिवा उरला. तो त्यांनी दोरीने बांधला होता.

कर्नाळ्याच्या चढावर उजाडले. तिथल्या किल्ल्याचा सुळका मी एसटीच्या खिडकीतून किमान शंभर वेळा पाहिला असेन. तो 'येतो' आणि 'जातो', इतकेच ठाऊक होते. काल तो गेलाच नाही. वीस मिनिटे तिथेच होता. आधी काळा, मग राखी, मग एका बाजूने तांबूस. मी हळूहळू त्याच्या पायाशी सरकत होतो. दोन्ही बाजूंच्या झाडीतून पक्ष्यांचा इतका आवाज की स्वतःचा श्वास ऐकू येईना. मी चोपन्न वर्षांचा आहे. हा रस्ता इतका मोठा आहे, हे काल कळले.

वडखळला पहिले कंट्रोल. रस्त्याकडेला टेबल, तिथे प्रत्येकाच्या कार्डावर वेळ लिहून शिक्का मारतात. ८.५१. शिक्का सरळ बसला आहे ना, ते पाहून घेतले.

मीटरवर १०० उमटले तेव्हा कोलाड मागे पडले होते. तो आकडा मी तीनदा वाचला. कुंडलिकेच्या पुलावर वारा होता. खाली पाणी हिरवे आणि वेगात. काका कठड्याला टेकून भाकरी खात म्हणाले, "माजा बाप उरनहून पेनला होडीनं मीठ न्यायचा. भरतीला जायाचा, ओहोटीला यायाचा. चार वल्ही. त्याला बोललो असतो नं, मी पायानं कोलाडला जातो नि सांजच्याला घरी येतो, तर बोलला असता, पोरगा खुला झाला." मला हसू आले.

वळणावरचे दुसरे कंट्रोल ११.४८. अठरा मिनिटे उशीर. परतताना सुकेळीच्या खिंडीत ऊन नेमके डोक्यावर. गेल्या वर्षी इथूनच डोळ्यांपुढे पांढरे होऊ लागले होते. काल दर पाच मिनिटांनी दोन घोट, मानेवर ओला रुमाल, चढावर काकांच्या मागच्या चाकाखेरीज कशाकडेही पाहिले नाही. खिंड संपली. पांढरे झाले नाही. उतारावर मी मोठ्याने ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही.

१३.२८. नागोठणे. तोच थांबा, तेच बाक.
बाकावर वंदना.

निळी साडी, मांडीवर थर्मास, हातात स्टीलचा पेला. एसटीने एकटी आली होती, बारापासून बसून होती. या रस्त्यावरची तिला एकच जागा ठाऊक होती आणि वेळ तर मीच फ्रिजवर लावून ठेवली होती.

"अहो, थांबा. कोकम आणलंय. मीठ-जिरं घातलंय."
मी पाय टेकले. आणि म्हणालो (जसे म्हणालो तसेच लिहितो), "इथे घेता येणार नाही. कंट्रोलखेरीज घरच्यांची मदत चालत नाही. नियम आहे."
"मी कुठे मदत करतेय? मी सरबत देतेय."
"तेच ते."
"दुकानातून पाणी घेतलंत, ते चालतं?"
"दुकान चालतं."
"आणि मी नाही."

यावर माझ्याकडे उत्तर होते. पुस्तकात सविस्तर दिले आहे. मी "उशीर होतोय" म्हणून निघालो. वळून पाहिले नाही. काका शेजारी आले. म्हणाले, "साहेब, पोलिसाला बी कोन असं बोलत नाय."

मीटरप्रमाणे ६४० मीटर गेलो होतो. काकांना म्हटले, तुम्ही पुढे व्हा. वळलो.

ती तशीच बसली होती, फक्त पेला पिशवीत गेला होता. मी सायकल खांबाला टेकवली आणि बाकावर तिच्या शेजारी बसलो. तिने पेला काढला, पदराने पुसला, भरला. मी प्यालो. दुसरा भरला, तोही.
"नियम मोडला का?"
"मोडला."
"मग आता?"
"आता उरलेले करायचे."
तिने माझ्या मनगटाला हात लावला, ताप पाहतात तसा. "हलताय," ती म्हणाली. आणि हसली. वर्षभराने.

पुढचे पंचाहत्तर किमी कसे झाले ते मला नीट सांगता येत नाही. ऊन तेच, रस्ता तोच, मांड्या दगडाच्या. पण पेणच्या पुढे खारजमिनींवर उन्हे कलली, पाणी साचलेल्या प्रत्येक चौकोनात एक-एक सूर्य होता, आणि हे दोन पाय, जे एरवी खुर्चीखाली असतात, त्या सगळ्यांजवळून मला नेत होते. कोणी ढकलत नव्हते. मी खाली वाकून गुडघ्यांकडे पाहिले. दुसऱ्या कोणाचे असावेत तसे पाहिले.

बेलापूर, १८.५२. मुदतीत अडतीस मिनिटे शिल्लक. टाळ्या, केळी, चहा. काका आधीच पोचून जमिनीवर पाय पसरून बसले होते. "आलास नं," इतकेच. पहिल्यांदाच अरेतुरे. बरे वाटले.

कार्डावर शेवटी स्वाराची सही लागते : सर्व नियम पाळून फेरी पूर्ण केली. पेन हातात घेतले. सही केली नाही. मागच्या कोऱ्या बाजूला लिहिले : 'नागोठणे येथे १३.४० ला, कंट्रोलबाहेर, पत्नीकडून दोन पेले कोकम सरबत घेतले.' मग त्याखाली सही केली.

टेबलामागच्या आयोजक बाईंनी ते वाचले, पुन्हा वाचले. "साहेब, हे कोण लिहितं? कोणी पाहिलं तरी का तुम्हाला?"
"मी होतो तिथे."
"खोडा हो. मी वाचलंच नाही समजा."
"तुम्ही वाचलंत."
त्यांनी कपाळाला हात लावला आणि कार्ड वेगळ्या पाकिटात ठेवले. निर्णय समितीचा. आठ-दहा दिवस.

४ फेब्रुवारी, मंगळवार
वंदनाला सांगितले. ती पोळ्या लाटत होती. लाटणे थांबले.
"म्हणजे माझ्यामुळे बाद?"
"माझ्यामुळे. नियम तुला मी दाखवला नाही. आणि परत मी वळलो."
"तुम्ही नसता लिहिलंत तर?"
"तर शब्द पाळल्यासारखा दिसला असता."
"धन्य आहे," ती म्हणाली. पुढची पोळी जळली.

६ फेब्रुवारी, गुरुवार
गोदामात तोच चालक, दुसरा कंटेनर. सील जुळले. मी चहा पाजला. तो संशयाने प्याला.

म्हात्रे काकांचा फोन : "ते पास करोत नाय तर नको. मी तुला मोजलाय." सहाव्या-सातव्यांदा तेच वाक्य मनात येते. पण काका समिती नव्हेत, आणि वंदनाला दिलेला शब्द 'नियमाप्रमाणे' असा होता.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
वंदनाने नियमांचे पुस्तक मागून घेतले. काल-आज संध्याकाळी वाचते आहे. बोट ठेवून, अडलेला शब्द मला विचारून. आज मध्येच : "यात कोकमचं नाव कुठेच नाही." मग : "कंट्रोलवर मात्र दिलेलं चालतं. तिसऱ्या पानावर आहे." मी म्हटले, मला माहीत आहे. ती म्हणाली, "मग मला वडखळला उभं राहा म्हणून सांगता येत नव्हतं?"
खरे आहे. नव्हते सुचले. ती येईल, हेच सुचले नव्हते.

९ फेब्रुवारी, रविवार
समितीचे उत्तर नाही.

वेळापत्रक अजून फ्रिजवर आहे. मी काढायला गेलो, तिने "राहू दे" म्हटले. नागोठण्यासमोर, १३.१०च्या पुढे, पेन्सिलीने कोणी १३.२८ लिहिले आहे.

सकाळी सायकल गॅलरीत उलटी करून साखळी पुसली, तेल दिले. विकायची झाल्यास नीट स्थितीत द्यावी. मग सरळ करून पंप लावला. वंदना दाराशी चहा घेऊन उभी.
"विकायच्या सायकलीत हवा कशाला भरताय?"
पंप मारत राहिलो. पुढे ८०. मागे ८५.