देता येतील

१६ एप्रिल, बुधवार
आजपासून मी राजा झाले! राज्य म्हणजे परातीएवढा पुठ्ठा. शिवांगीनं त्यावर किल्ला काढलाय, नदी काढलीय, बाकी जागा मधाच्या पोळ्यासारखी सहाकोनी घरं पाडून भरलीय. लढाईचा खेळ. पुण्याची नोकरी सोडून तीन महिने पोरीचं हेच चाललंय. खेळायला कुणी मिळेना, म्हणून मी. सैन्य म्हणजे जुन्या शर्टांची बटणं. पायदळ एका फेरीत दोन घरं चालतं, घोडदळ चार, तोफ एक. नदी ओलांडायला अख्खी फेरी जाते. पूल का न्हाई, विचारलं. तर म्हणे, शोध लागल्यावर.

२८ला हैदराबादच्या कंपनीला दाखवायचाय. त्यांनी घेतला तर ही तिकडंच राहणार. नाही घेतला तर अक्षय तृतीयेला निलंग्याचे पाहुणे येणार आणि ही गुमान साडी नेसून बाहेर येणार — बापलेकीचं ठरलंय. मुलगा शिक्षक, घर देवभोळं. मी देवाला काय मागितलं, ते इथं लिहीत नाही.

१८ एप्रिल
लढाईला फासे आणले. देवघरासमोर फासे! जुगाराची वस्तू या घरात चालणार नाही, सांगितलं. रुसली. मग मीच चिंचोके फोडून दिले. सहा टाकायचे, जितके पांढरे पडतील तितकी बटणं मेली. तासभर टाकत बसली, लिहीत बसली, आणि हसायलाच लागली. फाशात एक पडणं नि सहा पडणं सारखंच सोपं. चिंचोके बहुतेक दोन-तीन-चारच पडतात. नशिबाचा माज उतरतो, म्हणे. मी धर्म वाचवायला गेले, तिला नियम मिळाला.

२१ एप्रिल, सोमवार
खजिना म्हणजे ज्वारीचे दाणे. शोधाचा नियम — चार फेऱ्या त्यातले दाणे बाजूला टाकायचे, मग पूल मिळतो. मी एक दाणा टाकला नाही. तिचा पूल झाल्यावर त्याच्यावरूनच माझं सैन्य आणलं. चिडली. कुकरसुद्धा मी शेजारच्या शिवकांताबाईंचा वर्षभर बघून मगच घेतला होता. आता नियमात लिहिलंय: शत्रू शेजारच्या घरात असेल तर त्याचा शोध निम्म्या दाण्यांत.
कोण जिंकलं, असं आमचे हे विचारत होते. तिनं पुठ्ठा उचलला.

२४ एप्रिल, गुरुवार. एकादशी
दर फेरीला सैन्याला ज्वारी घालायची, बटणामागं एक दाणा. आज हातच होईना. मी उपाशी, आणि माझ्या सैन्याच्या तोंडात एकादशीला धान्य? नाहीच घातलं. ती आपले दाणे मोजत होती. पुढच्या फेरीलाही नाही. सैन्य चाललं, लढलं, भुकेनं एक बटण मेलं नाही! उरलेल्या दाण्यांत तोफा घेतल्या आणि किल्ला घेतला.

ती आंघोळीला गेल्यावर नियमांचा कागद वाचला. ‘प्रत्येक फेरीत सैन्याला दाणे देता येतील.’ येतील! द्यावे लागतील, असं कुठंच नाही. पोरगी इंजिनियर, मी दहावी. हैदराबादचे लोक पहिल्याच डावात धरणार, आणि पुठ्ठा परत.

सांगावं म्हणून न्हाणीपर्यंत गेले. टॉवेल दिला, माघारी आले.

२५ एप्रिल
सांगितलं नाही.

२७ एप्रिल, रविवार
दशम्या बांधून दिल्या, शेंगाची चटणी दिली. दारात चप्पल घालता घालता म्हणाली, “आई, खेळात काही खटकलं असंल तर आत्ता सांग.”
“मला काय कळतंय त्यातलं.”
हाव, बरं, म्हणाली, आणि पाया पडली. देवघरात दिवा दोनदा विझला. खिडकी उघडी होती, तेही लिहून ठेवते.

२९ एप्रिल
शिवांगीचा फोन आला. खेळ घेतला. हे पेढे आणायला गेले. मग हळूच म्हणाली, “एकादशीला तू दाणे घातले न्हाईस, मी बघितलं होतं, आई. त्याच दिवशी ‘द्यावेच लागतील’ करून टाकलं. दारात नुसतं तुला विचारून बघितलं.”
मी विचारलं, जेवलीस का.