आडनावाची कोरी चौकट

नेपरव्हिल
दि. ८ फेब्रुवारी २०२५

ति. लहूदादास,
सविनय जय भीम. वि. वि.

पाच महिने पत्र नाही, क्षमा कर. आपण फोनवर बोलतो, पण गंभीर गोष्ट कागदावरच लिहायची हा बाबांचा नियम मी सोयीने विसरले होते. नागरिकत्वाच्या इंटरव्ह्यूत तू गजभिये हे आडनाव सोडून नुसतं 'लहू दौलत', म्हणजे तुझं आणि बाबांचं नाव, एवढंच ठेवणार आहेस, असं वहिनी म्हणाल्या. तेव्हापासून मी रागावले होते, फोनवर हा विषय टाळत होते.

आधी इथली हकिकत सांगते. बर्फात शनिवारी कुठे जाणं होत नाही, म्हणून जुन्या सरकारी नोंदी कॉम्प्युटरवर उतरवण्याचं स्वयंसेवी काम घेतलं आहे. स्कॅन केलेलं पान वाचायचं आणि चौकटी भरायच्या. ओहायो नदीच्या उत्तरेला गुलामगिरी नको, हा १७८७चा कायदा तू इंटरव्ह्यूच्या अभ्यासात वाचला असशील. मीही तेवढंच जाणत होते. पण आमच्या इलिनॉयमधल्या मालकांनी त्यातून वाट काढली होती. गुलामाला कारकुनापुढे न्यायचं, त्याने 'स्वखुशीने' अमुक वर्षं चाकरी कबूल केली असं लिहायचं आणि खाली त्याची फुली घ्यायची. फीबी नावाच्या मुलीची अशी नोंद माझ्याकडे आली. साल १८१४, वय सतरा, मुदत चाळीस वर्षं.

तिच्या आडनावाची जागा कोरी होती. आपल्याकडे बाईच्या नावापुढे पुरुषाचं नाव, मग आडनाव, अशी हाताला सवय. मी खाली दिसलेलं मालकाचं नाव-आडनाव तिला जोडून मोकळी झाले. एकटीला नव्हे, एकतीस जणींना. तपासणाऱ्या डेल्फीनबाई सत्तरीच्या आहेत, त्यांचे पूर्वज अशाच वह्यांत आहेत. त्यांनी शांतपणे कळवलं की हा माणूस तिचा बाप नव्हे, नवराही नव्हे. कोरं आहे ते कोरं ठेव, तोच पुरावा आहे. न वाचता अंगठे दिलेल्या आजोबांची मी नात, आणि हे माझ्या हातून झालं.

पण मग पुढचं पान उघडलं. डिसेंबर १८२३, फीबीला मुदतीआधी मुक्त केल्याचा दाखला. कारकुनाने लिहिलं आहे की आडनाव तिने स्वतः सांगितलं: वाबॅश. इथल्या नदीचं नाव. त्याच महिन्यात तिकडे राष्ट्राध्यक्ष युरोपला बजावत होते की अमेरिकेच्या दोन्ही खंडांवर यापुढे नवी वसाहत चालणार नाही. केवढे खंड, आणि केवढीशी ही फुली. आठ महिन्यांनी याच राज्यात मतदान झालं. राज्यघटना बदलायला बैठक बोलवायची का, असा प्रश्न होता. गुलामगिरीला दार उघडायचं, हा हेतू सगळ्यांना माहीत होता. जवळजवळ पाच हजार लोक हो म्हणाले, साडेसहा हजारांवर नाही म्हणाले. एवढ्याशा फरकावर, दादा, माझ्या प्रणिताची शाळा आणि मी बर्फ लोटते तो रस्ता उभा आहे.

त्या बाईने नाव मिळवलं, आणि तू मिळालेलं टाकतोस?

राग पोटात घाल, माया कमी करू नकोस.
तुझी सुजाता

उद्याचं काम (बाबांसारखं शेवटी एकच): चुकलेल्या एकतीस नोंदी परत मागवणे.


चँडलर
दि. १९ फेब्रुवारी २०२५

चि. सुजातास,
अनेक आशीर्वाद व जय भीम.

पत्र पोचलं. पाकीट पाहून आयुषने विचारलं की आपल्याला कोर्टाने बोलावलंय का. त्याच्या मते कागदावर लिहिणारं आता फक्त सरकार उरलं आहे. पत्र वाचून मी त्याला म्हणालो, जवळपास तसंच आहे.

बाई, शाळेत माझ्या निबंधात तू स्वतःची वाक्यं घुसडायचीस. आता दोनशे वर्षांपूर्वीच्या बाईला माझ्याविरुद्ध साक्षीला उभी केलीस. तिने लादलेलं सोडलं आणि मनाचं घेतलं. मी वेगळं काय करतोय? बापाचंच नाव घेतोय, हिरोचं नाही.

ऑफिसात नवीन असताना जेवणाच्या टेबलावर आपल्याकडच्याच एकाने विचारलं, गजभिये म्हणजे नागपूरकडचे का, आणि घरी पूजा कोणती असते. बुद्धवंदना, मी म्हणालो. तो छान छान म्हणाला. त्यानंतर त्यांच्या क्रिकेटचा मेसेज मला येईनासा झाला. यात दाखवता येण्यासारखं काही नाही, त्रास त्याचाच आहे. पुढच्या वर्षी माझा आयुष नोकरी शोधेल, हेच आडनाव घेऊन.

तरी एक प्रश्न डोक्यातून जात नाही. फीबीने नदीचं नाव आवडून घेतलं की भिऊन? तुझ्या कागदात असेल तर कळव. सहा मार्चला इंटरव्ह्यू आहे, नावाचं त्या दिवशीही सांगता येतं.

ओरडलो तरी जीव आहे, हे तुला सांगायला नको.
तुझा दादा

उद्याचं काम: गाडीचा एसी दुरुस्त करणे. हो, फेब्रुवारीत, आमच्या वाळवंटात लागतो. हस.


नेपरव्हिल
दि. ७ मार्च २०२५

ति. लहूदादास,
सविनय जय भीम. वि. वि.

फीबीचा दाखला तीनदा वाचला. आवडून की भिऊन, याबद्दल एक शब्द नाही. मी मनाने दोन कारणं लिहून पाहिली आणि दोन्ही खोडली. तिच्या चौकटीत मी आधी मालक भरला. मग तुला पत्र लिहिताना तिच्या तोंडी माझं म्हणणं भरलं. दोन्ही वेळा मला वाटत होतं की मी बरोबर आहे, याचीच आता भीती वाटते.

डेल्फीनबाईंना तुझा प्रश्न सांगितला. त्या म्हणाल्या, त्यांच्या पणजीने तीनदा आडनाव बदललं आणि कारण कुणालाच सांगितलं नाही. मग हसून म्हणाल्या, विचारायची हिंमतही कुणाची नव्हती.

दाखल्यात मला सगळ्यात मोठं आता वेगळंच वाटतं. नाव काय लावू असं कारकुनाने तिला विचारलं असणार, आणि तिचं उत्तर येईपर्यंत त्याची लेखणी थांबली असणार. चाळीस वर्षांच्या करारात हा प्रश्नच नव्हता. मीही तुला तो विचारला नाही. नुसती रागावले.

काल तुझा इंटरव्ह्यू झाला. मी मुद्दाम फोन केला नाही, तूही केला नाहीस. गजभिये राहिला असशील तर मला आनंद होईल, हे लपवत नाही. नसशील तरी माझा दादा तोच. एकतीस चौकटी कोऱ्या करून दिल्या आहेत. या पाकिटावर चँडलरचा पत्ता घातला आहे, वरची नावाची ओळ कोरी सोडली आहे.

वहिनींना जय भीम, आयुषला आशीर्वाद. आहे तो लोभ असू दे.
तुझी सुजाता

उद्याचं काम: दादाला फोन करून विचारणे, नाव काय लावू.