राणीची साडी

प्रिय अनुप,

'प्रिय' हे हाताच्या सवयीनं लिहिलं गेलं. त्यावरून ताई शांत झाली असा अर्थ काढू नकोस. दिवाळीनंतरची एकोडीच्या मंडईची जत्रा पाहून लाखनीला परत येऊन चार दिवस झाले, तरी डोकं तापलेलंच आहे. काल तुझे भाऊजी म्हणाले, "लिहून टाक त्याले एकदाचं, भाजीत मीठ दोनदा पडून राहिलं." म्हणून बसले.

आईनं माझ्या लग्नात दिलेली जांभळी साडी गेल्या वर्षीच्या दिवाळीपासून सापडत नव्हती. तू भाऊबीजेला येऊन गेलास त्याच दिवसापासून, हे तेव्हा ध्यानात आलं नाही. माझा सगळा संशय शेजारच्या ताराबाईवर, कारण आमच्या साड्या एकाच दोरीवर वाळतात. वर्षभर मी त्या बाईशी धड बोलले नाही. तिनं वांगी आणून दिली, ती गाईला घातली. आणि त्या दिवशी मंडईत, भर दुपारी, दंडारीच्या नाच-नाटकात राणी येते ती माझी साडी नेसून! राणी कोण, तर धानाची पोती एकटा ट्रकवर चढवणारा धनीराम. दंडारीत बाईचं सोंग पुरुष घेतो आणि साड्या गावातल्या घरांतून जातात, हे मला नको शिकवूस. पण त्या मागून नेतात रे, लहान्या.

साडी ओढून घ्यायचीच म्हणून मी उठले होते. तेवढ्यात ढोलकी वाजली आणि धनीराम नाचायला लागला. दरवर्षी राणीचा पदर सुटतो, ती एका हातानं निऱ्या धरते आणि पोरं हसतात. यंदा काहीच सुटलं नाही. पाय उचलायच्या वेळी निऱ्या नेमक्या तेवढ्याच उघडल्या आणि पुन्हा मिटल्या. त्याचे ते रुंद खांदे कुठं गेले, कळलं नाही. माझ्या मागची म्हातारी म्हणाली, "कोनाची सून होय व ही?" मी खाली बसले. लाखनीतल्या कुठल्याही शिंप्याला हे जमलं नसतं, कारण तो दंडारीत नाचलेला नाही. आणि नाचणाऱ्यांपैकी कुणाला सुईत दोरा ओवता येत नाही.

मी तुला किती वर्षं सांगत आले, शिवणं नाहीतर नाचणं, यातलं एक सोड; खरं तर दोन्ही सोड आणि परीक्षा दे. तू कधी भांडला नाहीस, नुसता हसायचास, त्याचाच जास्त राग यायचा. तुझे फॉर्म मीच भरायचे. तलाठी, वनरक्षक, पोलीस. गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यापासून तर दोन-दोन जिल्ह्यांचे. तू परीक्षेला गेलास का, तेही मी नंतर विचारणं सोडलं.

खेळ संपल्यावर मी साडी तपासली. कात्री लावलीस म्हणून तुला तिथंच झोडणार होते. पण कुठंच कापलेली नव्हती. सगळीकडे लांब लांब कच्चे टाके, उसवले की साडी होती तशी. धनीराम म्हणाला, "बाई, अनुपनं आमाले बजावलं हाये, फाटली तं तुमची चामडी काढीन, माज्या मायची साडी होय." सात दंडार मंडळांचे कपडे तू भाड्याच्या मशीनवर शिवतोस, हेही त्याच्याकडूनच कळलं. तू मला सांगितलं नाहीस. का सांगितलं नाहीस, ते मला ठाऊक आहे आणि त्यासाठीच हे पत्र आहे.

आई गेल्यावर तिची मशीन भंगारात दिली, असं मी तुला सांगितलं होतं. दिली नव्हती. ती माझ्या मागच्या खोलीत गोधड्यांखाली आहे, तीन वर्षांपासून. आई शेवटी मला म्हणाली होती, "पोराचा हात चांगला हाये, त्याले शिवू दे." मी ते तुला सांगितलं नाही आणि मशीनही लपवली, म्हणजे तू अभ्यासाला लागशील. साडीसाठी मी ताराबाईला चोर ठरवलं. या तलाठी भरतीच्या फॉर्मची आज शेवटची तारीख आहे आणि मी तो भरलेला नाही. रविवारी गाडी घेऊन ये. आधी माझ्यासोबत ताराबाईकडे माफी मागायला चल, मग मशीन घेऊन जा. साडी तुझ्याकडेच राहू दे.

तुझीच, अजून चिडलेली
रत्नमालाताई