वखारीमागचं पोळं

१२ सप्टेंबर

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं तर गाव सध्या तोंडाला रुमाल बांधून बसलं आहे.

फोन करावा तर दुकानातल्या फोनला माझे दोन कान आणि बाकावरच्या गिऱ्हाइकांचे आठ, म्हणून पत्र. त्या परदेशी गांधीलमाश्या वखारीतल्या एका कामगाराला डसल्या आणि तो दवाखान्यात पडला, तेव्हापासून कुणाचंच डोकं ठिकाणावर नाही. काल एक जण हेल्मेट घालून केस कापायला आला. काढा म्हटलं तर म्हणे, खालून जेवढे दिसतात तेवढेच कापा. औषधाच्या दुकानातलं मलम संपलं, मग कुणीतरी टूथपेस्ट लावायला सुचवलं, तीही संपली. शेजारच्या टेलरने एक माशी मारून बाटलीत भरली आणि गल्लीभर मिरवली. मी चष्मा लावून पाहिली, तर बिचारी साधी मधमाशी. पण वस्तरा हातात असताना कुणाची चूक काढू नये, गिऱ्हाईक दचकतं.

तुझ्या खात्याची नोटीस माझ्या दुकानाच्या भिंतीवरच चिकटवली आहे. पोळ्याला हात लावू नये, जाळ करू नये, खात्याला कळवावे. खाली तुझी सही. सही अशी, की तू डॉक्टरच व्हायचीस. त्यामुळे ही 'कीटकवाली बाई' कोण हे कुणालाच ठाऊक नाही, आणि लोक माझ्याच खुर्चीत बसून तुझा उद्धार करतात. सगळ्यांत मोठा आवाज वखारवाल्या शेठचा. त्यांचं म्हणणं, बाई तिकडे पंख्याखाली बसून कागद काढते आणि इकडे माझी माणसं झोपायला घाबरतात.

मागच्या गावात तुमच्या गाडीवर दगड पडले, तसे आपल्या काचांवर पडू नयेत म्हणून तू मला गप्प राहायला सांगितलंस, ते कळतं. पण फुटपाथवर एक खुर्ची टाकून सुरुवात केलेल्या माणसाची मुलगी पथकाची प्रमुख झाली, आणि हे पोटात ठेवून त्याने दिवसभर लोकांच्या गालांना साबण लावायचा, म्हणजे शिक्षाच आहे.

आईने सगळ्या खिडक्यांना जुन्या चादरी ठोकल्या आहेत. विचारते, तुमचा तो पोशाख जाड असतो ना? खरं काय ते लिही, तिला थाप लगेच कळते.

लोभ आहेच, तो वाढला तर आमची हरकत नाही.
तुझा बाबा


१७ सप्टेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि. तुमचं पत्र ऑफिसात वाचलं आणि हेल्मेटवाल्याच्या जागी इतकी हसले, की साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. आईला सांगा, पोशाख गादीइतका जाड आहे आणि आत उकडतंही तितकंच.

आता पुढचं नीट वाचा आणि हे पत्र दुकानात उघडं टाकू नका. आपल्या गावचं पोळं सापडलं. आम्ही एक माशी पकडली, तिच्या कमरेला रंगीत दोरा बांधून सोडली, आणि चौघं माना वर करून तिच्यामागे पळालो. वखारीमागच्या जुन्या झाडाच्या ढोलीत ती शिरली. त्या दिवशी घरी आले नाही म्हणून रागावू नका. त्या अवतारात आले असते तर आईने दार उघडलं नसतं.

येत्या गुरुवारी सकाळी, गारव्याने माश्या सुस्त असतात तेव्हा, आम्ही मागच्या रस्त्याने येणार आणि अख्खं पोळं पंपाने ओढून ड्रममध्ये भरणार. लोक विचारतात, सरळ जाळत का नाही. बाबा, आत पुढच्या वर्षीच्या राण्या तयार आहेत. आग लावली की साध्या माश्या जळतात आणि राण्या उडून जातात. मग जितक्या राण्या उडाल्या तितकी नवी पोळी. मागच्या गावात आम्ही पोचायच्या आधी लोकांनी जाळलं. आता आसपासच्या गावांतून पोळी निघतायत आणि या माश्या मधमाश्या खातात म्हणून तिथल्या मधाच्या पेट्या रिकाम्या पडल्यात. साहेबांनी स्पष्ट सांगितलं आहे, या वेळी हुकलं तर पथक बंद आणि मी परत टेबलावर. मला टेबल नको आहे, बाबा.

म्हणून तीन गोष्टी पाळा. दिवस कुणाला सांगू नका. बघायला येऊ नका. आणि मी कोण ते बोलू नका. मिशीतल्या मिशीत हसूही नका, समोर आरसा असतो आणि गिऱ्हाइकाला त्यात सगळं दिसतं.

माया आहे तशीच राहू द्या, माश्यांचं मी बघते.
तुमची मुंगी


२१ सप्टेंबर

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद. बघायला आलो नाही, एवढं एकच पाळलं. बाकीच्या दोन्ही गोष्टी मोडल्या. कसं ते आधी ऐक, मग रागाव.

गुरुवारी दुकान उघडतो तोच वखारवाले हजर, सोबत वर्तमानपत्राचा फोटोग्राफर. त्याला बाहेर उभा केला आणि स्वतः खुर्चीत बसून म्हणाले, दाढी चकाचक करा, मिशी कोरा, आज फोटो निघायचा आहे. कशाचा, म्हणून मी सहज विचारलं. तर तुमचा तो रंगीत दोरा ढोलीत शिरताना त्यांच्या माणसानेही पाहिला होता. वखारीच्या फाटकाशी त्यांची माणसं रॉकेलचे डबे घेऊन उभी होती. हे तिथे पोचले की भडका, आणि भडक्यापुढे यांचा फोटो.

माझा ब्रश त्यांच्या गालावरच थांबला. तू त्या वेळी झाडाखाली असणार हे मला ठाऊक, त्यांना नाही. धावत सुटावं असं वाटलं. पण डबेवाले माझं का ऐकतील? ते वखारवाल्यांचं ऐकतात, आणि वखारवाले तर माझ्या खुर्चीत होते. म्हटलं, आपलं जिथे चालतं तिथेच चालवावं. भरपूर साबण लावला, वस्तरा घेतला आणि डावीकडची मिशी साफ उतरवली.

मुंगे, ती मिशी म्हणजे त्या वखारीची पाटी. इतकी वर्षं मीच ती कोरत आलोय. त्यांनी आरशात पाहिलं. आधी वाटलं साबणच आहे. मग बोट लावून पाहिलं. त्यानंतर जे बोलले ते मुलीला लिहिण्यासारखं नाही. बाकावरचे लोक फिदीफिदी हसायला लागले, मी वस्तरा मिटून बाजूला ठेवला. फोटोग्राफर काचेतून डोकावला, तर वखारवाल्यांनी टॉवेल तोंडावर ओढून घेतला. उठून जायची सोय नाही, बसून राहायची तयारी नाही. टॉवेलाच्या आतूनच त्यांनी विचारलं, त्या बाईने तुम्हाला फितवलं का?

मग मात्र मी खुर्ची माझ्याकडे फिरवली आणि म्हणालो, "शेठ, ती बाई माझी मुलगी आहे. आत्ता त्या झाडाखाली उभी आहे."

वखारवाल्यांनी टॉवेल खाली घेतला. बाकावर बसलेल्या टेलरला म्हणाले, पळ, फाटकावर सांग, डबे आत ठेवा आणि माझ्याशिवाय कुणी काडी ओढली तर कामावर येऊ नका. तो पळाला. मग मला म्हणाले, महिनाभर मी इथे बसून तिला शिव्या घातल्या, तुम्ही ऐकून कसं घेतलंत? मी म्हटलं, गिऱ्हाइकाने बोलायचं आणि मी ऐकायचं, यावरच आमचं घर उभं राहिलं आणि मुलगी शिकली.

राण्यांचं सगळं मी त्यांना सांगितलं, तू लिहिलंस तसंच. त्यावर ते काय म्हणाले ते लिहितो, वाईट वाटून घेऊ नको. म्हणाले, हे नोटिशीत का नाही? नुसतं 'करू नये, करू नये'. माझा माणूस दवाखान्यात, आणि कधी येणार, काय करणार, कुणी एका शब्दाने बोललं नाही. मी काय समजायचं? शेवटी म्हणाले, आता उजवीही काढा, माणसाने कुठल्यातरी एका बाजूला असावं.

थोड्या वेळाने तुमची उघडी गाडी समोरून गेली. पांढऱ्या पोशाखातले चौघं आणि मध्ये ड्रम. ज्या गल्लीने तुझा उद्धार केला तीच टाळ्या वाजवत होती. मी दारात उभा राहून सगळ्यांत पुढे बसलेल्या पोशाखाला जोरजोरात हात केला आणि शेजारच्याला म्हटलं, ती पुढची, ती माझी.

आता तक्रार एवढीच, की मी तोंड उघडायच्या आत वखारवालेच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगून मोकळे होतात, यांचीच मुलगी म्हणून. इतके दिवस दाबून ठेवलेलं, आणि आता मला सांगायला माणूस शिल्लक नाही.

राग आला असेल तर येऊ दे, पण सोबत लोभही पाठव.
तुझा बाबा


२५ सप्टेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि. राग नाही. ड्रम तपासला, राण्या आत आहेत, आणि ढोलीत मागे एकही उरलेली नाही. पथक कायम झालं. आईला सांगा, मला एकही माशी चावली नाही, फक्त घामाने दोन किलो कमी झाले.

तुम्ही ज्याला हात केलात तो आमचा ड्रायव्हर. तो अजून सांगत फिरतोय, त्या गावचे लोक फार प्रेमळ. मी मागे ड्रमला टेकून बसले होते आणि तुम्हालाच बघत होते.

फाटकाशी डबे मलाही दिसले होते, बाबा. पंप चालू होता. मध्येच थांबवला असता तर सगळ्या माश्या बाहेर आल्या असत्या. पाइप धरून उभी राहिले आणि मनात म्हटलं, संपलं. ती माणसं पुढे का आली नाहीत, हे तुमचं पत्र येईपर्यंत मला कळलं नव्हतं. ते पत्र मी ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवलं. साहेबांनी दोनदा वाचायला लावलं.

वखारवाल्यांना माझा नमस्कार सांगा आणि त्यांचं म्हणणं पटलं असंही सांगा. सोमवारी आम्ही पुढच्या गावी निघतो. तिथेही लोक चिडलेले आहेत, पण या वेळी नोटीस नंतर लागेल. चौकात एक सलून आहे, गावातलं सगळं बोलणं तिथेच होतं म्हणतात. पहिल्या दिवशी मी त्या बाकावर जाऊन बसणार. जे कुणी जे काही बोलतील ते शेवटपर्यंत ऐकून घेणार. मग कुणी विचारलंच की बाई तुम्ही कोण, तर हुद्दा नंतर सांगीन. आधी सांगणार, मी केस कापणाऱ्याची मुलगी आहे, तुमचं होऊ द्या.

लोभ होता तसाच, आता जरा चारचौघांत दाखवायला हरकत नाही.
तुमची मुंगी